शेवटची टेप पुन्हा नापास

सोमवार, ३ मार्च

मशीन पुन्हा आडवं. सकाळी ग्रंथालयात पाऊल टाकलं तेव्हा जोरात घरघरत होतं आणि काहीही करत नव्हतं. आमच्या कार्यकारिणीचं इतकं हुबेहूब चित्र अजून कुणी काढलेलं नाही.

कारण नेहमीचंच. अंध वाचकांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर वाचून ठेवलेली पुस्तकं आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. टेपांना बुरशी लागलेली. एकदा वाजवल्या आणि टाकून दिल्या. आता प्रत्येक फाइल एका वेगळ्या प्रोग्राममधून जाते. तो खरखर आणि गोंगाट काढतो, वाचणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवतो. हे प्रोग्राम सुरू करून द्यायचं काम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतली एक स्क्रिप्ट करते. ती आद्यांनी लिहिली. 'या ग्रंथालयाचा आद्य प्रोग्रामर' अशी ओळख त्यांनी एका समारंभात स्वतःच करून दिली होती, तेव्हापासून ते आद्य.

आद्यांची पद्धत अशी: प्रोग्राम सुरू करायचा, पाठ फिरवायची. पुढचा सुरू करायचा, पाठ फिरवायची. तो जगला, मेला की कोपऱ्यात रडत बसला, चौकशी नाही. शेवटी स्क्रिप्ट 'काम झाले' असं छापते आणि संपते. मागे तिचे सगळे प्रोग्राम मशीनचा गळा धरून बसलेले. त्यावर कळस म्हणजे, डिस्कवर जागा नाही म्हणून मूळ फाइलही पुसली जाते. साफ प्रत तयार झाली की नाही, हे न बघता!

मी बोलले. फार नाही, अर्धा तास. बेजबाबदार बापांपासून सुरुवात केली आणि रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाशी थांबले. चिटणीस खिडकीतून बाहेर बघत होते. आद्य शांतपणे म्हणाले, "बाई, भाषण उत्तम. आता तेच पायथनमध्ये लिहून आणा."

आणते.

बुधवार, ५ मार्च

सासूबाईंची डोळ्यांची शेवटची तपासणी झाली. उजेड आणि अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. डॉक्टरांनी अतिशय हळुवारपणे सांगितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढं हळू बोलू नका, कान चांगले आहेत माझे."

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्यांचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना अजून?"

'हे' म्हणजे माझे सासरे. मी त्यांना पाहिलेलंही नाही. माझा नवरा शाळेत होता तेव्हाच ते गेले. रोज संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून, टेपरेकॉर्डरपुढे बसून ते एक भलीमोठी कादंबरी अंधांसाठी वाचायचे. पुस्तक पुरं व्हायच्या आधीच ते गेले, म्हणून त्या टेपा ग्रंथालयाच्या कपाटातच राहिल्या, वाचकांना कधी दिल्याच गेल्या नाहीत. सासूबाईंना त्या वाचनाचा भारी राग होता. "परक्यांना वाचून दाखवायचे. मी स्वयंपाकघरात भिंतीशी बोलायची." हे मी लग्नापासून ऐकत आले आहे.

आणि आता त्यांना त्याच टेपा हव्यात. सगळ्या. "आणि शेवटची नक्की."

"अर्धवट आहे ते पुस्तक," मी म्हटलं. "शेवट कळायचा नाही."

"मला कादंबरीचं काय करायचंय?"

मग कशाचं करायचंय, हे विचारायच्या आत घर आलं.

शनिवार, ८ मार्च

पहिल्या टेपच्या फाइलची एक नक्कल केली, ती जुन्याच स्क्रिप्टमधून काढून घरी नेली. आवाज स्वच्छ. एक खरखर नाही. मला तर अभिमानच वाटला. नवरा म्हणाला, "बाबांचा आवाज असा होता?" आणि उठून बाल्कनीत गेला.

सासूबाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि बंद करायला सांगितलं.

"आवाज ह्यांचाच आहे. पण हे बसलेत कुठे?"

"म्हणजे?"

"आपल्या घरात नाही बसलेले. दवाखान्यात बसल्यासारखे वाटतात."

उणीव काढायची तर कुठलीही काढता येते, त्याला डोळे लागत नाहीत. सोमवारी प्रोग्रामची साफसफाई आणखी कडक करते. मग बघू दवाखाना कसा ऐकू येतो.

मंगळवार, ११ मार्च

लिहिलं! संपूर्ण नवीन. आजच्या बैठकीत फळ्यावर चित्र काढून समजावलं.

एक: वाट पाहणारा एकच, काम करणारे अनेक. रुग्णालयाच्या खोलीत परिचारिका एकच असते, खाटा दहा. ती एकाच खाटेपाशी दिवसभर उभी राहत नाही आणि निघूनही जात नाही. जो हाक मारेल त्याच्याकडे जाते. पायथनमध्ये याला एसिंक म्हणतात. आद्यांच्या स्क्रिप्टमध्ये परिचारिका रुग्णांना खाटांवर टाकून सिनेमाला जाते.

दोन: एका वेळी चारच. मशीनला जेवढं झेपतं तेवढंच.

तीन: आणि हे माझं खरं तत्त्व. सगळे प्रोग्राम एका गटात सुरू होतील. गटाचं दार तेव्हाच बंद होईल जेव्हा आतला शेवटचा माणूस बाहेर आलेला असेल. मागे कुणी राहणार नाही. आणि एकजण जरी पडला तरी बाकीच्यांना तिथेच थांबवायचं आणि ओरडून सांगायचं: पडला! गुपचूप अपयश मला मान्य नाही. जगातल्या कुठल्याही राजवटीचा ऱ्हास बघा, तो—

"रोम परवाच झालं," आद्य म्हणाले.

चार: मूळ फाइली पुसायच्या त्या गटाचं दार नीट बंद झाल्यावरच. आधी नाही.

चिटणीसांनी विचारलं, "म्हणजे एक फाइल बिघडली तर पुस्तकच्या पुस्तक अडणार?"

"अडायलाच हवं."

"का हो?"

"कारण तेरावं प्रकरण नसलेलं पुस्तक आपण एका अंध माणसाच्या हातात देतो, आणि आपल्याला ते माहीतसुद्धा नसतं."

ठराव मंजूर. आद्यांनीही हात वर केला. नंतर म्हणाले, डोकं खाजवत होतो.

बुधवार, १२ मार्च

पहिलाच दिवस. लहान मुलांच्या गोष्टींचा संच लावला. सातव्या फाइलला प्रोग्राम कोसळला आणि ठरल्याप्रमाणे सगळा संच थांबला. चिटणीस दोनदा येऊन विचारून गेले, "जुनी स्क्रिप्ट टाकून नाही ना दिली?"

मी म्हटलं, यालाच प्रामाणिकपणा म्हणतात. ते म्हणाले, प्रामाणिकपणा ठीक आहे, पण गोष्टी कुठे आहेत?

शुक्रवार, १४ मार्च

आजचा दिवस लिहायची इच्छा नाही. लिहिते.

संच थांबला की मशीन थंड व्हायला हवं. होत नव्हतं. उलट प्रत्येक प्रयत्नानंतर जास्तच तापत होतं. मी पंख्याला दोष दिला, वायरिंगला दिला, उन्हाळ्याला दिला. आद्य मशीनपाशी स्टूल ओढून बसले, पडद्यावर चालू प्रोग्रामांची यादी उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमची पोरं अंगणातच खेळतायत."

सगळी! कालची, परवाची, सगळी जिवंत.

चूक माझी होती आणि इतकी साधी होती की तिच्यावर भाषणही करता येत नाही. मी 'थांबा' म्हटलं ते कुणाला? प्रोग्रामची वाट पाहत बसलेल्या माझ्याच कोडला. त्याने वाट पाहणं सोडून दिलं. प्रोग्राम तर पायथनच्या बाहेर, आपल्या जागी, आपलं काम करत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता थांब. मी फक्त वाट पाहणं रद्द केलं होतं आणि समजत होते की काम रद्द झालं.

"माझी स्क्रिप्टही हेच करायची," आद्य म्हणाले. "फक्त तत्त्वज्ञानाशिवाय."

असू दे. त्यांना महिनाभर पुरेल.

सोमवार, १७ मार्च

दुरुस्त केलं. आता वाट पाहणाऱ्याला 'थांब' म्हटलं की त्याने आधी आपल्या प्रोग्रामला थांबायला सांगायचं. ऐकलं तर ठीक. थोडा वेळ द्यायचा. नाही ऐकलं तर सरळ मारायचं. आणि तो खरोखर संपल्याची खात्री झाल्याशिवाय स्वतः जागचं हलायचं नाही. मधेच काहीही होवो, एवढं केल्याशिवाय सुटका नाही.

मुद्दाम दहा वेळा मध्येच तोडून बघितलं. दहाही वेळा मागे एकही उरला नाही. आद्यांनी यादी तपासली आणि चष्मा पुसला. त्यांच्याकडून आलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

गोष्टींची ती सातवी फाइल अर्धीच उतरवली गेली होती, तेही सापडलं. जुन्या स्क्रिप्टने ती तशीच वाचकांना दिली असती, 'काम झाले' म्हणून.

मंगळवार, १८ मार्च

आज सासऱ्यांचं पुस्तक लावलं. साफसफाई कडक, दवाखान्याचा मागमूस नको म्हणून. सगळ्या टेपा गेल्या आणि शेवटची नापास. प्रोग्राम म्हणतो: आवाज सापडला नाही.

आवाज सापडला नाही म्हणजे काय? माणूस वाचतोय ना त्यात?

पुन्हा लावलं. शेवटची टेप पुन्हा नापास. नियमाप्रमाणे सगळं पुस्तक अडलं. नियम माझा, पुस्तक माझ्या सासऱ्यांचं, आणि घरी वाट पाहणारी माझी सासू. याहून नेमका सापळा शत्रूलाही रचता आला नसता.

घरी गेले तर दारातच: "शेवटची आली?"

"अडली आहे. सगळंच अडलंय."

"कुणी अडवलं?"

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता माझ्याकडे बोट दाखवलं. मग आईला दिसत नाही हे आठवून तोंडानेही म्हणाला, "हिने."

बुधवार, १९ मार्च

चिटणीस आज हात जोडून आले. डिस्क काठोकाठ भरली आहे. एका पुस्तकाच्या मूळ फाइली पुसल्या जात नाहीत म्हणून पुढची सहा पुस्तकं रांगेत उभी. "एका टेपसाठी का हटून बसलाय? ती तेवढी वगळा. बाकीच्या साफ होतील, गट बंद होईल, मूळ फोल्डर पुसलं जाईल, मी झोपेन."

मी तत्त्वाचं बोलणार होते. तोंड उघडलं आणि आठवलं की तत्त्वाच्या पायी घरात एक आंधळी बाई गेले दोन आठवडे दाराशी कान लावून बसली आहे. तिला सगळं नाही तर बहुतेक सगळं तरी मिळू दे.

उद्या शेवटची टेप वगळून लावते. तिची मूळ फाइल, आहे तशी गोंगाटासकट, पेनड्राइव्हवर घरी नेते. निदान हातात काहीतरी.

आद्य म्हणाले, "मग रोमचं काय?"



गुरुवार, २० मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी संच सुरू केला, शेवटची टेप वगळून. कडक साफसफाईला वेळ लागतो, म्हणून आद्यांना मशीनपाशी बसवून जेवायला घरी आले. सासूबाईंना सांगितलं, बाकीच्या संध्याकाळी, ही शेवटची घ्या, पण साफ नाही, कान दुखतील. प्लेअरला पेनड्राइव्ह लावला.

आधी भयंकर खरखर. मग सासरे. एक परिच्छेद, दुसरा परिच्छेद. त्यांच्या मागे, बंद दाराच्या पलीकडे, भांडी. कुणीतरी पातेलं आपटलं. नळ सुरू झाला, बंद झाला. एक पोरगा सतराचा पाढा म्हणत होता आणि सतरा नव्वे दीडशे म्हणून पुढे गेला.

"त्रेपन्न," सासूबाई म्हणाल्या. तशाच, समोर बघत. नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला.

मग टेपमधून एका बाईचा आवाज आला, दुरून, चिडलेला: "त्रेपन्न रे मेल्या!" आणि पातेलं पुन्हा आपटलं.

माझ्यासमोर बसलेली बाई हसली. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मीच. चुलीवरचं... नाही, तेव्हा गॅस आला होता. ते बघ, मी दार आपटणार आता." टेपमधलं दार आपटलं.

"पहिल्या टेपमधून हे सगळं कुणी काढलं गं?"

मी म्हटलं, "प्रोग्रामने. गोंगाट होता तो."

"गोंगाट," त्या म्हणाल्या. "अगं, ते घर होतं."

आणि मग मला कळलं की ग्रंथालयात यावेळी काय चाललंय. एकेका टेपमधून ते घर खरवडून काढलं जातंय. मी सांगितल्याप्रमाणे, अधिक कडक. आणि संचातली उरलेली फाइल साफ झाली की माझा शिस्तबद्ध गट दार नीट बंद करणार आणि मूळ फोल्डर पुसून टाकणार. टेपा केव्हाच कचऱ्यात गेल्या. दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

आद्यांना फोन लावला.

"थांबवा."

"काय थांबवू?"

"सगळं. आत्ता. कंट्रोल-सी दाबा."

"किती राहिलेत विचाराल तर एकच राहिला—"

"आद्य, दाबा!"

दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी उभी, फोन कानाला, आणि घरात सासरे पुढचा परिच्छेद वाचतायत. एवढी वाट मी आयुष्यात कुणाची पाहिली नाही.

"थांबला," आद्य म्हणाले. "त्याचा प्रोग्रामही थांबला. यादीत कुणी नाही."

"आणि मूळ फोल्डर?"

"आहे की. दार कुठे बंद झालं? सगळ्या फाइली जागेवर आहेत." मग म्हणाले, "बाई, माझ्या स्क्रिप्टला असं थांबवता आलं नसतं. तिने केव्हाच पुसून टाकलं असतं."



मागे वळले तर सासूबाईंनी प्लेअर बंद केला होता. "पुढचं मी एकटी ऐकेन," म्हणाल्या. प्लेअर उचलला, भिंत चाचपत आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

शुक्रवार, २१ मार्च

चिटणीसांना भाषण न करता सांगितलं की मूळ फाइली यापुढे कुणाच्याच पुसायच्या नाहीत. ते म्हणाले, जागा कुठून आणू. मी म्हटलं, कार्यकारिणीच्या सभांचं ध्वनिमुद्रण आपण जपून ठेवलं आहे, तिथपासून सुरुवात करू. आद्य खोकला आल्यासारखं करत बाहेर गेले.

प्रोग्राम शेवटच्या टेपला 'आवाज सापडला नाही' का म्हणतो, ते मात्र अजून कळत नाही. आवाज तर होता. मी ऐकला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी सांगते."

रविवार, २३ मार्च

वाचनाचा आवाज त्या टेपवर थोडाच वेळ आहे. पुढे टेप संपेपर्यंत कुणी बोलत नाही, म्हणून प्रोग्रामला आवाज सापडत नव्हता.

सासरे गेले त्याच संध्याकाळची ही टेप. टेबलापाशी बसल्या बसल्या गेले ते. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली होती, ते आले नाहीत, म्हणून त्या रागाने तशाच बसून राहिल्या. बराच वेळ. मग दार उघडलं. एवढी वर्षं त्यांना वाटत आलं की हाक मारली तेव्हाच ते गेलेले असणार, आणि आपण मेलेल्या माणसावर रुसून बसलो.

आज दोघींनी मिळून ऐकलं. सासूबाईंची हाक फार बारीक येते, खरखरीमध्ये जवळजवळ बुडालेली: "अहो, येताय ना जेवायला?"

सासरे वाचायचे थांबतात. पुस्तक मिटल्याचा आवाज. आणि मग हळू, दाराबाहेर ऐकू जाणार नाही असं:

"आलोच."